नीट केलेले फॉर्म

६ जानेवारी

ति. दादास, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू बरं आहे एवढंच म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. म्हणून लिहिते.

तुला हार्ट अटॅक येऊन या महिन्यात वर्ष होईल. तुमच्या हॉस्पिटलने तुला आमच्या अभ्यासात घेतलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. भावाचा कागद दर तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर येईल, म्हटलं. आता तो इतर दोन हजारांच्या ढिगात येतो. नऊ हॉस्पिटलं, सगळ्यांचे प्रश्न तेच. दम लागतो का, पाय सुजतात का, किती जिने चढता, किती उशा घेऊन झोपता. अटॅकनंतर कुणाचं हृदय थकत जातं आणि ते किती आधी ओळखता येतं, एवढंच शोधायचं आहे.

पण लोक एका फॉर्मात एक उशी लिहितात, पुढच्यात तीन, त्याच्या पुढच्यात पुन्हा एक. अशा प्रत्येक विसंगतीसाठी मी चिठ्ठी लिहून फॉर्म परत पाठवते. गेल्या महिन्यात सहाशे चिठ्ठ्या लिहिल्या. मान वर करायला वेळ नाही. आता माझंच हृदय तपासा असं साहेबांना म्हणाले. ते हसलेसुद्धा नाहीत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी धाकटी

२२ जानेवारी

चि. शंकासुरास, अ. उ. आ.

सहाशे चिठ्ठ्या वाचून वाईट वाटलं. लहानपणी तू बाबांच्या घड्याळावर शंका घ्यायचीस. आता पगार घेऊन घेतेस, एवढाच फरक.

सोमवारी तपासणीला गेलो होतो. चार बाकं, एक वजनकाटा, एक नर्स आणि आम्ही बेचाळीस माणसं. बिचारीला पाणी प्यायला फुरसत नसते. फॉर्म हातात देते आणि भरून ठेवा म्हणते. निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले, मग ते माझ्याकडे येतात. माझ्या शेजारी एक शिंपी बसतो. दम लागतो का विचारलं की कुठल्या जिन्याने, असं विचारतो. एक बसड्रायव्हर आहे. तो म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, माझी हरकत नाही. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली, पण बोलण्यात छपाईपेक्षा जास्त चुका असतात हे इथे कळलं.

आमच्याकडून तरी तुला चिठ्ठ्या लिहाव्या लागणार नाहीत. ते माझ्यावर सोड. मी ठणठणीत आहे. तुझी वहिनी म्हणते, ठणठण आवाज डोक्यातून येतो.

जेवत जा. मायेत खंड पडू नये.

तुझा दादा

१९ ऑगस्ट

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुमच्या हॉस्पिटलचे जुलैचे फॉर्म आले. यंदा सलग तिसऱ्यांदा एकही चिठ्ठी लिहावी लागली नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये तुमचं उदाहरण देऊन बाकीच्या आठांना सुनावलं. मीही मान डोलावली.

दुपारी ते फॉर्म पुन्हा काढून बसले. सहा महिन्यांत कुणाचंच काही बदललेलं नाही. कुणी एक जिना जास्त चढलं नाही, कुणी एक कमी नाही. बेचाळीसपैकी दोघे मध्यंतरी वारले. एप्रिलच्या फॉर्मात त्यांनाही काही त्रास नव्हता. दादा, हृदयाची माणसं इतकी एकसारखी राहत नाहीत. धडधाकट माणसंसुद्धा राहत नाहीत.

फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. पण अक्षर असतं. चाळीसपैकी छत्तीस फॉर्मांवरचं अक्षर मी पहिलीपासून ओळखते. माझ्या वह्यांवर नाव घालायला तुझ्याशिवाय कुणाला परवानगी नव्हती.

काय केलंस ते सविस्तर लिही. चिडून लिहू नकोस. मी फार दमले आहे.

तुझीच

२७ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

चिडलो नाही. चकित झालो.

प्रत्येकाच्या फायलीत मागच्या फॉर्मची प्रत असते. ती समोर ठेवतो आणि नवा फॉर्म तिच्याशी ताडून पाहतो. मागे उत्तर नाही असेल आणि आता माणूस हो म्हणत असेल, तर मी त्याला विचारतो, नक्की का? माणूस विचारात पडतो. तो विचारात पडला की मी मागचं कायम ठेवतो. प्रुफाचा नियमच आहे, शंका आली तर मूळ प्रत प्रमाण. माझा स्वतःचा फॉर्मही मी याच नियमाने भरतो.

तुझी मान मोडते म्हणून हा उद्योग केला. नर्स मला असिस्टंट म्हणते. तू मात्र पाकीटमार पकडल्यासारखं लिहितेस. यापेक्षा चिडायला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

तरीही आशीर्वाद.

दादा

३० ऑगस्ट

चि. वन्संना, अ. आ.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र यांनी मला अर्धं गाळून वाचून दाखवलं. गाळलेलं मी नंतर वाचलं.

हे मार्चपासून तीन उशा घेतात. आडवे झाले की धाप लागते. जुलैपासून तर खुर्चीतच झोपतात. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो, बराच वेळ भरत नाही. घरातल्या सगळ्या उशा त्यांच्याकडे, मी चादरीची घडी डोक्याखाली घेते. डॉक्टरांना सांगा म्हटलं, तर म्हणाले, जानेवारीत एक उशी लिहिली आहे, आता तीन लिहिल्या तर तिला चिठ्ठी लिहावी लागेल. वन्सं, हसावं की रडावं कळेना.

मी भांडून थकले. बायकोचं ऐकायचं नाही अशी शपथच घेतली आहे यांनी. बहिणीची घेतलेली नाही.

पत्र मिळताच फोन करा. माया असू द्या.

तुमची वहिनी

४ सप्टेंबर

ति. दादास, सा. न.

वहिनीवर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. तिचं पत्र मिळालं त्याच मिनिटाला मी तुमच्या हॉस्पिटलला फोन केला. हे पत्र येईल तेव्हा तू वॉर्डात असशील. नसलास तर हे खाली ठेव आणि निघ. आडवं झाल्यावर धाप लागते म्हणजे फुप्फुसात पाणी साठतं आहे. ते तीन उशांनी किंवा खुर्चीने बाहेर पडत नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. तू माझा भाऊ आहेस हेही सांगितलं. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यांनी तुमच्या हॉस्पिटलचे यंदाचे फॉर्म तूर्त बाजूला ठेवले आहेत. लोकांना पुन्हा तोंडी विचारतील. ते काम माझ्याकडून काढून घेतलं. तुमच्या नर्सची चौकशी होईल. बेचाळीस माणसांमागे एक नर्स, ही चूक तिची नव्हे, असं मी लिहून दिलं आहे. किती उपयोग होईल माहीत नाही.

दादा, आधी एक उशी आणि मग तीन, आम्हाला तेच हवं होतं. तेवढ्याचसाठी दोन हजार माणसांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारतो. चिठ्ठ्या लिहिणं माझं काम होतं. मी कंटाळले आणि तुझ्यापाशी रडले.

औषध वेळेवर घे. उलट बोलू नकोस.

धाकटी

१६ सप्टेंबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पाणी काढायची औषधं चालू आहेत. सहा दिवसांत पाच किलो उतरलो. हृदयाची ताकद निम्म्याहून कमी राहिली आहे म्हणतात. आणखी पंधरा दिवस घरी बसला असतात तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. पुढचं वाक्य मी मागितलं नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, पण माझ्याबद्दल सगळ्या वॉर्डाशी बोलते.

एक लिहायचं राहिलं. वारलेल्या दोघांपैकी एक शिंपी. एप्रिलमध्ये त्याने मला पायातली चप्पल दाखवली. पट्टा दोन भोकं सैल केला होता. पाय सुजणं म्हणजे हेच का, असं विचारलं. मी फाइल उघडली. मागे नाही असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, नक्की का? तो हसला आणि म्हणाला, तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणाल तसं. मी नाही असंच लिहिलं. मे महिन्यात तो गेला.

मी हो लिहिलं असतं तर तो वाचला असता का? तू या कामात आहेस. समजूत घालू नकोस. माहीत असेल तेवढंच लिही.

दादा

२१ सप्टेंबर

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर चारदा लिहून फाडलं.

तू हो लिहिलं असतंस, तर नर्सने ते डॉक्टरांना दाखवलं असतं. औषध सुरू झालं असतं. इथपर्यंत माहीत आहे. पाय सुजलेल्या शंभर जणांना वेळेवर औषध मिळालं तर साधारण किती जगतात, तेही सांगता येईल. त्या शंभरात शिंपी कुठल्या बाजूला पडला असता ते मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. आमचा अभ्यास संपल्यावरही नाही. हे तुला जन्मभर पुरेल. मलाही पुरेल.

सोमवारी साहेबांचा माणूस छत्तीस जणांचे फॉर्म घेऊन तुझ्याकडे येईल. ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त करायचं असतं. चुकीच्या उत्तरावर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी त्या माणसाने खरं काय सांगितलं ते लिही, मग तारीख आणि सही. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही. अंदाज नको. जुळवून तर अजिबात नको. वारलेल्यांचे फॉर्मही सोबत असतील.

मी रविवारी येते आहे. सोमवारी तुझ्याजवळ बसायची मला परवानगी नाही. मी वहिनीबरोबर बाहेर बाकावर असेन. मध्ये दम लागला तर थांब आणि दम लागला असं त्या माणसाला सांग. मात्र शिंप्याचा फॉर्म पहिला घे. नंतर हात थकतो.

राग असला तरी चालेल, लोभही असू दे.

तुझी धाकटी