वाढत्या अंगाचं व्हायोलिन

८ जून, सेलू
नणंदेच्या घरी साखरपुडा. जाऊबाईंच्या पोरीनं, प्राचीनं व्हायोलिन वाजवलं. पानं वाढलेली तशीच, सगळे ऐकत बसलेत. जा. (जाऊबाई असं दर वेळी पूर्ण लिहायला हात जड होतो) मधोमध, दर टाळीला पदर सावरायल्या. नणंद मला विचारती, "तुमची गौरी काय करती मग?" काय करती! पाचवीत हाय. जेवती, झोपती, भांडती.

येताना गौरी म्हणाली, "आई, मला पन शिकायचंय." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी हो म्हणाले. खरं लिहायचं तर पोरीसाठी कमी, नणंदेसाठी जास्त.

११ जून
सरांकडं गेलो. प्राची ह्यांच्याकडंच शिकती. त्यांनी गौरीला डावा हात लांब करायला लावला, मानेपासून तळव्यापर्यंत बघितलं. म्हणाले, "हिला पाऊण घ्या."

"पाऊण म्हणजे?"

"छोटं. प्राचीला आता पूर्ण लागतं. हिला पाऊण बस होतंय."

प्राची पूर्ण अन् माझी पाऊण! रस्ताभर अंगाचा तिळपापड.

१२ जून
जा. वरच्या मजल्यावरून खाली आल्या. "शोभा, प्राचीचं जुनं पाऊण माळ्यावर पडून हाय गं. चांगलं वाजतंय. घेऊन जा."

हसत म्हणाल्या. तेच लागलं. आधी प्राचीचे फ्रॉक, मग दप्तर, मग सायकल, आता हे. किती दिवस उतरन वापरायची आमी? म्हणाले, "राहू द्या बाई, आमी नवंच घेणार."

ह्यांना सांगितलं. हे म्हणतात, "फुकटचं कशाला सोडती?" ह्यांना काय कळतंय.

२० जून
परभणी. शिलाईचे साठवलेले पैसे नेले. दुकानदारानं दोन काढून ठेवली. एक पाऊण, साधं, तपकिरी. एक पूर्ण, लालभडक, चकचकीत. किंमत सारखीच.

तो म्हणाला, "ताई, एवढ्या पैशात पाऊण चांगलं येतं. पूर्ण घ्यायचं तर थोडं थांबा. हे लाल नुसतं दिसायला हाय. खुंट्या धरत न्हाईत, तारा सैल पडतात."

मी म्हणाले, "लालच द्या. वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं."

त्याला हे पण ऐकवलं, शाळेचा ड्रेस न्हाई का शिवत आपण, खाली चार बोटं दुमडून? पोरगी काय एवढीच राहणार हाय? दुकानदार बघतच राहिला. गौरी ते तपकिरी हातात धरून उभी. ठेव म्हणाले, ठेवलं तिनं.

घरी येऊन पेटी मुद्दाम जिन्यापाशी उघडून ठेवली. जा. आल्या, वाकून बघितलं. "छान हाय गं," एवढंच. जळाल्या असतील. जळू देत.

२ जुलै
सरांनी लाल बघून चष्माच काढला. गौरीची करंगळी जागेवर पोचंना. मान आखडली. त्यांनी सूर लावून द्यायचा, हिनं तारांवर गज ठेवायचा, तेवढ्यात तार उतरलेली. शेवटी म्हणाले, "बाई, ह्याला खाली दुमडून घालता येत न्हाई."

म्हणजे दुकानातलं बोलणं गौरीनं त्यांना सांगितलं. कार्टी! अन् मी, दिवसभर बायांच्या बाह्या मोजणारी, पोरीच्या हाताला टेप लावला न्हाई.

पण प्राचीला काय पहिल्या दिवशी आलं असेल का? तिला किती जड गेलं ते कुणी सांगत न्हाई.

१४ जुलै
लाल पेटी उघडत न्हाई आता. विचारलं तर "मान दुखती." लय रागावले. घेऊन दिलं तर ही तऱ्हा! रडली पण न्हाई. रडली असती तर बरं.

वर मात्र रोज संध्याकाळी प्राचीचं चालू. काय गोड वाजवायली बया. चुकती, थांबती, परत तेच घेती. एवढी चिकाटी माझ्या पोरीत का घातली न्हाई देवानं? ऐकू येऊ नये म्हणून शिलाई मशीन जोरात चालवते.

२२ जुलै
मशीन चालू, वर व्हायोलिन चालू, अन् दारात प्राची. "काकी, आईच्या ब्लाऊजला हुक लावायचेत."

"तू इथं? मग वर कोण वाजवायलंय?"

तिनं जीभ चावली.

जिना चढून गेले. दार अर्धं उघडं. गौरी मांडी घालून बसलेली, खांद्यावर ते जुनं पाऊण, बोटं बरोब्बर पोचायली. जा. शेजारी मेथी निवडत. "परत घे माय, येतंय, येतंय."

माझ्या पोरीला माय म्हणायल्या!

आनंद व्हायला पायजे होता. झाला पण, खोटं कशाला बोलू. रोज मी जिच्यावर जळत होते ती माझीच निघाली. पण त्या आनंदाच्या वर दुसरंच काहीतरी. पोरगी माझी, अन् ऐकायला त्या. लय जळलं आतून. तशीच खाली आले, वर कुणाला दिसले न्हाई.

२३ जुलै
गौरीला विचारलं, मला का सांगितलं न्हाईस.

"तू मधी मधी प्राचीताईचं नाव काढतीस. मग चुकतंय माझं."

तोंडात मारल्यासारखं झालं. तव्यावरची भाकरी करपली.

२७ जुलै
जा. स्वतः पाऊणची पेटी घेऊन खाली आल्या. गौरी मागं.

"शोभा, पोरीनं चोरून कशाला वाजवायचं? तू म्हणशील तर हे खाली ठेवू, न्हाई तर वरच राहू दे. तुझी पोरगी हाय, तू सांग."

ह्या वेळी हसल्या न्हाईत. मला म्हणायचं होतं, ठेवा. तोंडातून निघालं, "वरच राहू द्या."

गौरीनं हुश्श केलं. हळूच, पण मला ऐकू आलं. पेटी तिनंच घेतली अन् पळत वर गेली.

आता वाजवायली. नवीन काहीतरी हाय, कालपर्यंत येत नव्हतं. जिन्यात जाऊन बसावं म्हणते. पण मला बघून थांबली तर?