मोजणीआधीचा सराव

३ मार्च
आज दादाने पट्टीने मारलं. मनगटावर. तीन फटके! का, तर हात खांद्यापर्यंत गेला नाही. चौतीस वर्षांची घोडी झाले मी, आणि शाळेतल्या पोरीसारखा मार खातेय!

बारा तारखेला मोजणी — हातांत किती जोर उरलाय, त्याचे गुण. जन्मापासूनचा हा आजार, आईबापाच्या रक्तातून आलेला. दादा सुटला, मी सापडले. दरवर्षी काहीतरी जायचं. आधी चालणं गेलं, मग केस विंचरणं. चार वर्षं झाली, मणक्यात औषधाच्या सुया घेतेय. तेव्हापासून गुण एकतीसचे एकतीस! डॉक्टरीणबाई म्हणतात, "मोठ्या माणसात आजार जागच्या जागी थांबला, हीच कमाई." पण औषध मंजूर करणाऱ्या समितीचा नियम — तीन गुण घसरले की औषध बंद.

६ मार्च
दादाने पाण्याची बाटली हाताला बांधली. "उचल! उचल म्हणतो ना!" वीस वेळा. मी त्याच्या अंगठ्याला चावले — रक्त येईपर्यंत! त्याने कानाखाली वाजवली. मग त्यानेच उचलून संडासला नेलं. आई गेल्यापासून दुसरं आहे कोण?

९ मार्च
दंड काळानिळा. मोजणी घेणाऱ्या फिजिओबाईंनी बजावलं होतं, मोजणीआधी आठवडाभर हातांना आराम. दादाला सांगितलं तर म्हणतो, "अभ्यास न करता कोण पास होतं गं?" मूर्ख! हे काय पाढे आहेत घोकायला? ताट फेकलं त्याच्या अंगावर. फेकलं कसलं — मांडीवरून घरंगळलं. त्याचाच जास्त राग आला.

१२ मार्च
सत्तावीस.

हात लटलट कापत होते. पेलासुद्धा उचलवेना. फिजिओबाईंनी बाही वर सारली. "हे कुणी केलं?" दादा दाराबाहेर उभा. "पडले," म्हटलं. "पडून बोटांचे वळ उठतात?" पोलिसांनी त्याला नेलं तर सकाळी मला अंथरुणातून काढणार कोण?

१९ मार्च
समितीचं पत्र. पुढची सुई रद्द! दादाने पत्र फाडलं, आरशावर मूठ हाणली. काचा, रक्त. मी किंचाळले, "तूच केलंस हे! माझ्या हातांची माती केलीस!" घसा बसेपर्यंत. तो चपला घालून निघून गेला.

२० मार्च
शेजारणीने उठवून बसवलं. तिच्याकडूनच कळलं. दादा काल इथून निघाला तो सरळ पोलीस चौकीत गेला. स्वतःहून लिहून दिलं — बहिणीला मारलं, नको इतकं राबवलं, म्हणून गुण घसरले. मोजणी पुन्हा घ्या. समितीलाही तेच लिहिलं. फिजिओबाईंचा फोन आला, समितीने मानलं. महिनाभर आराम, मग फेरमोजणी, तोवर सुई चालू.

दादाला आत टाकलंय.

मेल्या, मला विचारायचं तरी होतंस!