मिरचीची आग नव्हे

१२ डिसेंबर

नॉर्मल! धुळ्यापर्यंत जाऊन, पायाला तारा लावून, झटक्यावर झटके सोसून आले — आणि कागदावर काय, तर नसा उत्तम. मग दोन वर्षं तळपाय कुणाचे जळताहेत? शेजारणीचे?

आमचे हे गाडी चालवता चालवता म्हणाले, आता तरी मान, मिरचीचंच आहे. नंदुरबारात ज्याला त्याला हेच सुचतं. हात जळला — मिरची. डोळा चुरचुरला — मिरची. त्यात रनाळ्याच्या रस्त्याला आमची मिरची सुकवायची पथारी. वीस बायका देठं खुडतात, अकरा वर्षं देखरेख माझी. म्हणजे माझा निकाल आधीच लागलेला. पण मी काही पायांनी मिरच्या खुडत नाही! पथारीवर बूट-मोजे असतात माझ्या पायात.

१४ डिसेंबर

ठरलं. एकवीस दिवस मिरचीला हात नाही, पथारीवर पाऊल नाही. तोवर देखरेख मीनाबाईकडे, कामावरची सगळ्यांत जुनी बाई ती. ह्यांना म्हटलं, मिरचीचं असेल तर आग जाईल. नाही गेली तर मी सांगेन त्या डॉक्टरकडे न्यायचं. हसले, पण हो म्हणाले.

२० डिसेंबर

जळतात.

२७ डिसेंबर

जळतात. गार फरशीवर अनवाणी उभी राहून भाजी चिरली, तेवढं बरं वाटलं. सासूबाईंनी दृष्ट काढली — मीठ-मोहरी आणि सात लाल मिरच्या ओवाळून! मिरचीपासून सुटका नाही.

४ जानेवारी

एकवीस दिवस पूर्ण. आग जागच्या जागी. ह्यांना म्हटलं, सुरतेची तिकिटं काढा.

९ जानेवारी

सुरत. डॉक्टरीणबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो गार-गरम कळतं का, हा. आजवर कुणी विचारला नव्हता. मग समजावलं. धुळ्याच्या मशीनने जाड नसा तपासल्या, त्या ठणठणीत आहेत. पण आग आणि गार-गरम कळवणारे तंतू केसाहून बारीक असतात, ते त्या तपासणीत येतच नाहीत. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, शोध भलतीकडे चालला होता. मला रडू आलं. नर्ससमोर, ह्यांच्यासमोर. आलं तर आलं.

मग पावलावर एक चपटी डबी बांधली. ती हळूहळू गरम होत जाते, जाणवलं की बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवून बसले — आता होईल, मग होईल. बाई म्हणाल्या, ताई, गरम होऊन बराच वेळ झाला. ह्यांना खरं वाटेना. डबीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. परतताना पिशव्या सगळ्या त्यांनीच उचलल्या.

१० जानेवारी

बटण दाबणं म्हणजे शेवटी माझाच शब्द. कातडीचा तुकडा काढून तपासतात म्हणे. तीही तपासणी करणारच. मग माझ्या शब्दाचा प्रश्न उरत नाही.

१७ जानेवारी

झालं. एक तुकडा घोट्याच्या वरचा, एक मांडीचा. ज्वारीच्या दाण्याएवढे! बधिर करायची सुई तेवढी लागली. टाका नाही, नुसती पट्टी. त्याआधी उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. आता तुकडे बंगळूरला जाणार, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजणार. तीन आठवडे लागतील.

बाईंनी बजावलं, रिपोर्ट चांगला आला तरी तुमचं जळणं खोटं ठरत नाही. पटलं. तरी मला तो कागद हवाय. वाईट रिपोर्ट यावा म्हणून देवाला सांगणारी मी पहिलीच असेन. आणि खरंच आला तर काय, याची भीतीही वाटते.

२८ जानेवारी

पथारीवर परत. सगळीकडे लाल गालिचा. मीनाबाईने काम चोख ठेवलंय, एकाही ढिगात देठ सापडलं नाही.

८ फेब्रुवारी

आला! घोट्याजवळ असायला हवेत त्याच्या निम्म्याहून कमी तंतू. मांडीवर ठीक. रक्तातली साखरही पकडली — उपाशीपोटी नीट यायची, ग्लुकोजनंतर चढते. बाई फोनवर म्हणाल्या, कारण बहुधा हेच. वेळेवर कळलं, पथ्य आणि चालणं सांभाळा, म्हणजे पुढचं नुकसान रोखता येईल. आगीवर गोळी दिलीय.

ह्यांनी कागद सासूबाईंना वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "हिचं खरं होतं." दोन वर्षं या एका वाक्यासाठी थांबले होते! उद्या पथारीवरही वाचून दाखवणार. कळू दे बायकांना, बाईचं दुखणं नाटक नसतं.

९ फेब्रुवारी

वाचला. बायका आपापल्या ढिगाकडे गेल्या, मीनाबाई थांबली. चप्पल काढून तळपाय वर केला. अंगठ्याखाली खोल, काळी जखम. खिळा कधी घुसला ते तिला कळलंच नव्हतं.

"मन्हा बी पाय जळेत, बाई. सहा वरीस पहिले तुम्हले सांगेल व्हतं. तुम्ही बोलनात, मिरची शे, तेल लाव. आते नही जळतस."

मी असं म्हटल्याचं मला आठवतसुद्धा नाही. म्हटलं असणार. उद्या पहाटेच्या गाडीने तिला घेऊन सुरत.