नववी तार

३ मार्च
पोचलो एकदाचा. इतका सपाट मुलूख मी कधी बघितला नव्हता, पण पोटभर जेवण आहे आणि पत्र्याची का होईना, खोली आहे. काम सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठीवर. आतल्या मक्यात तारा लोंबतात, त्यांच्या टोकाला थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारा सांधा. सगळ्या तारा एका पेटीत येतात. तिला मल्टिप्लेक्सर म्हणतात. ती एकेका तारेला आळीपाळीने एकाच मीटरशी जोडते. मुकादम डॉन अन्सेल्मोंनी (डॉन म्हणजे इथलं ‘साहेब’) हे माते म्हणतात तो इथला कडू चहा पोकळ भोपळ्यातून, फेरीने पाजत समजावलं: भोपळा एक, नळी एक, तोंडं अनेक. माझ्या जोडीचा मजूर रुफिनो साखर घालून पितो, म्हणून त्याच्यामागून माझा घोट गोड लागतो. तसाच मागच्या तारेचा आकडा पुढचीला चिकटतो.
नववी तार तुटलीय. पेटीत त्या जागेची टोकं नुसती एकत्र जोडलीत. शनिवारी मी मक्यात उतरून नवी बांधली की नोकरी पक्की.

५ मार्च
नवव्या जागेने पेटीचीच उष्णता दाखवायला हवी, पंचवीसच्या आसपास. दाखवते सदतीस. माणसाच्या अंगाएवढी. डॉन अन्सेल्मो म्हणाले, आठवीची चव राहिली असेल पोरा. जोडल्यावर जरा दम धर, पहिला आकडा फेक, दुसरा लिही. तसं केलं. बाकीचे आकडे सुधारले. रुफिनो पेटीवर किटली ठेवतो, तीही उचलली. पेटी तापली की सगळंच चुकतं. रुफिनो म्हणाला, वा इंजिनियरसाहेब, आता माझं पाणी गरम कोण ठेवणार, तुमचे सासरे?
नववी सदतीसच. बाकीच्या चुका गेल्या तशी ही जास्तच ठाम झाली.

७ मार्च
आम्ही तिघं, पण स्टुलं चार. डॉन अन्सेल्मो रिकाम्या स्टुलापुढेही भोपळा धरतात, मग स्वतः पितात. रुफिनोला विचारलं. ते निकानोरचं म्हणे, माझ्या आधीच्या पोराचं. आपल्यात पुरे झालं की माणूस ‘ग्रासियास’, म्हणजे आभार, म्हणतो आणि फेरीतून उठतो; हा न म्हणताच गेला. कुठे? घरी.
त्याचे बूट माझ्या खाटेखाली आहेत.

८ मार्च
रुफिनो प्यायलेला होता, बोलून गेला. नववी तार आपोआप तुटली नाही. मक्यात पाय रुतले तेव्हा निकानोरने तीच धरली — मका खाली सरकत राहिला — तार त्याच्या हातातच राहिली. या दोघांनी वरून झाकण लावलं. मालकाला सांगितलं, पळाला.
मका अजून तोच आहे, उपसलेला नाही.

शनिवार
उतरणार नाही, सांगून टाकलं. डॉन अन्सेल्मो म्हणाले, आधी माते तर घे. भोपळा चौथ्या स्टुलापुढे धरला. परत घेतला तेव्हा रिकामा.
ग्रासियास — कोणीतरी म्हणालं. आमच्यापैकी नाही.
नववी खाली आली. पंचवीस.
रुफिनो म्हणाला, सुटला बिचारा. जागा मोकळी झाली. रुफिनो दारात उभा. दोर त्यांनी माझ्या कमरेला बांधलाच — लिहून घे म्हणतो, तेवढा थांबतो —
नववी परत चढतेय. पहिला आकडा फेकला. दुसरा — तीस. चौतीस.
पण मी अजून आत उतरलोसुद्धा ना