अठरा तारखेचं विमान

सोमवार, २ फेब्रुवारी २००४

आजही आला नाही विम्याचा कागद! इस्तंबूलच्या विमान कंपनीतल्या त्या साहेबाला सकाळपासून तीन फॅक्स केले. उत्तर एकच — ‘सेंडिंग शॉर्टली.’ शॉर्टली म्हणजे कधी? विमान यांचं, डॉक्टर यांचे, आणि जीव टांगणीला कोणाचा, तर इथे रायपुरात, तेलीबांध्याला फॅक्स मशीनसमोर बसलेल्या या मारोतीचा!

निवृत्तीनंतर घरी पेपर वाचत बसायचं सोडून पराग भैयाच्या एजन्सीत आलो, ही माझीच हौस. आता भोगा! परदेशी विमान रायपूरला आणायचं तर दिल्लीचा परवाना लागतो. परदेशी कंपनीच्या वतीने अर्ज इथला एजंट करतो. एजंट म्हणजे पराग भैया — आणि पराग भैया म्हणजे मोबाइल कानाला लावून ‘हो जाएगा सर’ म्हणणारा माणूस. अर्ज मी लिहितो, टाइप सोनिया करते.

पण हे काम सोडणार नाही. या विमानातून चार सर्जन येणार आहेत. भाजून आखडलेले लहान मुलांचे हात मोकळे करतात. इथल्या दवाखान्यात तीन दिवसांचं शिबिर, बावीस मुलांची यादी. नवव्या नंबरवर आमची नात ओवी.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

विम्याचा कागद आला. मुदत ३१ जानेवारीला संपलेली! तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मोठी कंपनी, समुद्रापार विमानं उडवते, आणि कागदावरची तारीख बघायला एक माणूस नाही? मी फॅक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘प्लीज रीड द डेट.’ सोनिया हसली. म्हणाली, “अंकल, इतना गुस्सा मत करो, बीपी बढ़ेगा.” घरी मराठी बोलतात तिच्या, पण पोरगी उत्तर देईल ते हिंदीतच.

घरी येताना एका बाजूने कोरे राहिलेले रद्दी कागद पिशवीत टाकून आणले. रोज आणतो. ओवी वाट बघत असते. उजव्या हाताची चार बोटं चिकटलेली, म्हणून पेन्सिल दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरते आणि हनुवटी टेकवून चित्र काढते. दोन वर्षं झाली ती उकळती पेज तिच्या हातावर सांडून. अजून मला नीट बघवत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

नवा विमा आला. आता पायलटचं नाव पासपोर्टवर एक, यादीत दुसरं! दुसऱ्या पायलटच्या लायसन्सची झेरॉक्स इतकी काळी की माणूस आहे की म्हैस, कळत नाही. पुन्हा फॅक्स. तिकडून फोन — ‘माय फ्रेंड, नो प्रॉब्लेम.’ मी तुझा फ्रेंड नाही रे बाबा! प्रॉब्लेम आहे म्हणून तर फोन करतोय!

ज्योतीने जेवताना विचारलं, “बाबा, येईन न विमान?” मी ताटावरून खेकसलो, “आता तूही विचार!” सून बिचारी भात वाढत राहिली. तिने काय वाईट विचारलं? तिच्या लेकीचा हात आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. चार तास! विमानाचा नंबर, वजन, ऑपरेटरचं प्रमाणपत्र, विमा, पायलट, डॉक्टर, पासपोर्ट, इथे जबाबदारी कोणाची. शिवाय सगळ्या वेळा लंडनच्या! उतरणार रायपूरला, ऊन रायपूरचं, आणि घड्याळ लंडनचं. असो. साडेपाच तास वजा करायला मला कोणी शिकवायला नको. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. एका रात्रीत साठ साठ गाड्यांचा हिशेब ठेवलाय, एका मिनिटाची चूक नाही.

पराग भैया मागे उभा राहून म्हणतो, “काका, विमानाचं अलग असते.” म्हटलं, काही अलग नसतं. हावड्याहून अठराला सुटलेली गाडी मुंबईला विसाला पोचो, रजिस्टरात ती अठराचीच गाडी. ही शिस्त आहे म्हणून एवढी रेल्वे चालते. इस्तंबूलहून विमान अठराला रात्री सुटणार, सकाळी दिल्लीला कस्टम उरकून दुपारच्या आत रायपूरच्या माना विमानतळावर. पराग भैया मान डोलावून गेला. त्याला काय कळतं!

सोनियाने टाइप करताना मध्येच तारखेचं काहीतरी विचारलं. पाच वाजत आले होते, फॅक्स जायचा होता. म्हटलं, बाई, समोर लिहिलंय ते टाइप कर, डोकं चालवू नको. “हव, अंकल,” म्हणाली. फॅक्स गेला. कुठलाही कागद कमी नाही. दिल्लीने आता बोट ठेवून दाखवावं!

बुधवार, ११ फेब्रुवारी

दिल्लीला फोन लागत नाही. लागला की साहेब जागेवर नाहीत.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आला परवाना!!

साडेचारला फॅक्स खरखरला. नंबर वाचला आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. म्हाताऱ्याने ऑफिसात रडावं म्हणजे काय! सोनियाने पळत जाऊन चौकातून जिलबी आणली. परवान्याचा फॅक्स तसाच पुढे इस्तंबूलला ढकलला. आज मी कोणावरही चिडलो नाही, हे लिहून ठेवतो.

ओवीला सांगितलं. तिने विचारलं, “आबा, ऑपरेशन के बाद मैं चिमटी काट सकूँगी?” म्हटलं, सगळ्यात आधी मलेच घे चिमटा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दवाखान्यातून निरोप — मुलांना एकोणीसला संध्याकाळी दाखल करा. ज्योतीने ओवीचा नवा फ्रॉक, चादर, वाटी-चमचा अशी पिशवी भरून दारामागे ठेवली. बावीसमधली अर्धी मुलं बस्तर, सरगुज्याकडून येणार. काहीजण आजच घरून निघाले म्हणे.

बुधवार, १८ फेब्रुवारी — महाशिवरात्र

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

दुपारी तीनला इस्तंबूलचा फोन. तो साहेब, ज्याला आजवर एक तारीख धड वाचता आली नाही, त्याने आज वाचली! परवान्यात रायपूरला उतरण्याची तारीख अठरा. विमान उतरणार एकोणीसला. दिल्लीचीही अठरा. त्यांचा पायलट म्हणतो, कागदावर एक तारीख आणि उतरायचं दुसऱ्या तारखेला, मी उडणार नाही. सुटायला काही तास राहिले असताना!

मी ओरडलो, दिल्लीने चूक केली! आमच्या अर्जाची टाइप केलेली प्रत काढली. तिच्यात अठरा. तीनही जागी अठरा. म्हणजे दिल्लीने आपण दिलं तेच छापलं. आणि आज दिल्लीला सुटी. सुधारणा मागायची कोणाकडे? शंकराकडे?

सोनियाला सुटी असून घरून बोलावून घेतलं. विचारलं, काय टाइप केलंस? ती पांढरी पडली. “अंकल, आपने जो लिखा था वही.” म्हटलं, माझा कागद दाखव! शोधला. फाइलमध्ये नाही, ड्रॉवरमध्ये नाही, टोपलीत नाही. कुठून असणार! “अंकल, अठारह ही था, मैंने पूछा भी था आपसे.” वर तोंड करून खोटं बोलते! एकतीस वर्षांत एका मिनिटाची चूक नाही माझी!

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सकाळी दहाच्या ठोक्याला सुधारणेचा अर्ज. दिल्लीचा बाबू फोनवर शांतपणे म्हणाला, नवीन तारीख म्हणजे पुन्हा तपासणी, दोन-तीन कामाचे दिवस धरा. भांडलो. विनवण्या केल्या. ओवीचं नाव घेऊन विनवलं — आयुष्यात कोणापुढे असा वाकलो नव्हतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. व्हरांडाभर आयाबाया, मांडीवर पोरं, पोरांचे ते हात. एक बाई कोंडागावहून दोन बस बदलून आलेली. मला साहेब समजून म्हणाली, “कब आही डॉक्टर मन?” डॉक्टर कधी येणार, काय सांगू तिला?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पराग भैयाला साफ सांगितलं. ती पोट्टी इथे असेल तर मी नाही. अशी चूक करून वर माझ्यावर ढकलते? उद्या दुसऱ्या कोणाचा जीव जाईल! पराग भैया म्हणाला, “काका, जाऊ द्या न, पोरगी आहे, बाप हमाली करते गुढियारीच्या मालधक्क्यावर.” म्हटलं, म्हणून काय बावीस पोरांचे हात घालवायचे?

चारला तिने टेबल आवरलं. डबा, कंगवा, देवीचा छोटा फोटो. जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं माफी मागेल. म्हणाली, “ओवी को मेरी तरफ से प्यार देना.” मी मान वर केली नाही.

बरं झालं. हे लिहितो आणि जबाबदारी घेतो — बरं झालं!

सोमवार, २३ फेब्रुवारी

सुधारलेला परवाना बारा वाजता आला. एक वाजता इस्तंबूलचा फॅक्स आला. डॉक्टरांचं ढाक्याचं शिबिर उद्या सुरू होतंय, रायपूर आता जमणार नाही. पुढच्या वर्षीचा विचार करू. विथ रिग्रेट्स.

तो फॅक्स चुरगाळून भिंतीवर फेकला. मग उचलून, सपाट करून फाइलला लावला. कंट्रोलची सवय.

ज्योतीने दारामागची पिशवी रिकामी केली. बोलली असती, ओरडली असती, तर बरं वाटलं असतं. ओवीला सांगितलं, विमान बिघडलं. दुसरं काय सांगणार? मनात म्हटलं, तुझं विमान एका टायपिस्टने बिघडवलं, पोरी.

बुधवार, २५ फेब्रुवारी

ऑफिसात नवी टायपिस्ट. सांगितलं ते टाइप करते, काही विचारत नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

ओवीने चित्र दाखवलं. मोठं विमान, सात खिडक्या, खिडकीत गोल गोल डॉक्टर. “आबा, ठीक हो गया ये वाला.” पापा घेतला तिचा, आणि सहज कागद उलटा केला.

माझं अक्षर. नऊ तारखेचा अर्ज. सुटण्याची तारीख १८. दिल्लीला उतरण्याची १८. रायपूरला उतरण्याची १८. तीनही आकडे मीच ठळक गिरवलेले, रजिस्टरात गिरवायचो तसेच. रायपूरच्या १८ शेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह. ते सोनियाचं.

नऊच्या संध्याकाळी हा कागद मीच पिशवीत टाकून घरी आणला होता. वही मागे उलटून नऊ तारीख वाचली. हावड्याची गाडी. डोकं चालवू नको. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

ज्योतीला सांगितलं. तिने कागद वाचला, माझ्या हातात परत दिला आणि आत निघून गेली.

उद्या सकाळी हा कागद घेऊन गुढियारीला, सोनियाच्या घरी. तिच्या बापासमोर सांगायचं. मग तिला घेऊन पराग भैयाकडे. ओवीला म्हटलं, चित्र एक दिवस नेतो, बेटा.

“वापस लाना हाँ, आबा. अभी इसकी पूँछ बाकी है.”