नुसती निळी चित्रं

प्रिय विसराळू,

नावाने हाक मारत नाही, कारण स्वतःचं नाव तरी तुला आठवतंय की नाही, शंकाच आहे. आठवण करून देते: मी तुझी आई. नाक तुझ्यासारखंच, अक्कल जरा जास्त. अक्षरांची आणि माझी ओळख नाही, म्हणून तुझी थोरली लिहून घेतेय. आणि बोलते तसंच लिही म्हटलं की नाक मुरडतेय. तेही नाक आपलंच.

सूनबाईला मातीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तू छापखान्यात परत गेलास, तो गेलासच. ती पोरींना शिकवायची ती घरची शाळा आता बंद पडणार, असं चर्चच्या सगळ्या मंडळीला वाटलं होतं. पडली नाही. वाचन, गणित आणि शास्त्रपाठ पाळकबाई घेतात. चित्रांचा तास मी घेते. हसू नकोस. बिनअक्षराचा तेवढा एकच विषय होता, तो माझ्या वाट्याला आला.

पद्धत सूनबाईचीच. सोमवारी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर चित्र लावायचं, प्रार्थना करायची, आणि किटलीला कढ येईपर्यंत गप्प बघायचं. किटलीने शिटी घातली की चित्र भिंतीकडे तोंड करून उलटं टांगायचं आणि काय पाहिलं ते सांगायचं. मीही सांगते. मेंढरू डावीकडे होतं, उजवीकडे नाही, म्हणून धाकटी मला दटावते. मग चित्रांचा इतिहास. तो मला काय कप्पाळ माहीत! सूनबाई सांगायची तेवढाच: आधीचे चित्रकार प्रभूच्या मागे सोनं लावायचे, पुढे कुणीतरी आभाळ लावलं, डोंगर लावले. सोनं गेलं, आभाळ आलं, प्रभू तोच. मी म्हणते, सोनं महागलं असेल. थोरली हे लिहायला तयार नव्हती.

चित्रं अजून तूच आणलेली आहेत. छापताना कागदावर एकेक रंग चढतो म्हणे; पहिला निळा लागला आणि यंत्र अडकलं की तो वाया गेलेला कागद तुझ्या पिशवीत यायचा. लाल लागलेला नाही, पिवळा नाही. त्यामुळे धाकटीच्या मते जुने चित्रकार सगळ्यांना निळंच रंगवायचे. निळी मरिया, निळे मेंढपाळ, निळं बाळ. सूनबाईने खरं काय ते सांगून पाहिलं, पण पोरीला पटलं नाही. एका चित्रात बाळाच्या हातात डाळिंब आहे, तेही निळं. डाळिंब लाल असतं असं मी शपथेवर सांगितलं, तर आजीला आता नीट दिसत नाही, असा निकाल लागला.

तू गेल्यापासून नवं चित्र नाही. जुनी लावून लावून कोपरे गळाले, खिळ्याची भोकं फाटली. परवाच्या सोमवारी लावण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून मी तुमच्या लग्नाचा फोटो टांगला.

इथून पुढे अक्षर बदललेलं दिसेल. थोरलीला दोरीवरचे कपडे काढायला पाठवलंय आणि पेन पाळकबाईंच्या हाती दिलंय.

किटली वाजली, फोटो उलटा केला. थोरलीने सगळं सांगितलं, अगदी तुझ्या कॉलरचं निसटलेलं बटणसुद्धा. धाकटीने आईचं सगळं सांगितलं, हातातली फुलं, कानामागची बट. मग म्हणाली, शेजारी एक माणूस उभा होता. कोण, ते तिला सांगता येईना. थोरली रडत बाहेर गेली. मी फोटो पुन्हा सरळ केला. धाकटीने बराच वेळ पाहिलं. तरी सांगता येईना.

तू का येत नाहीस ते मी ओळखून आहे. शेवटच्या दिवशी सूनबाईचे ओठ, नखं निळी पडली, आणि धाकटी तुझ्यासमोर म्हणाली की आई चित्रातली झाली. तू भिंतीला धरून उभा राहिलास. तुला वाटलं, ते मरण तूच पिशवीत घालून घरी आणलंस. अरे वेड्या, पोर घाबरली नव्हती. तिने आजवर निळी माणसं पाहिली ती प्रभूच्या भोवतीची. आई त्यांच्यात जाऊन बसली, एवढंच तिला दिसलं. त्या दिवशी या घरात धीर होता तो तिच्या एकटीपाशी, आणि तो तुझ्या रद्दीतून आला होता. मला तेवढाही जमला नाही. अजून जमत नाही.

म्हणून हे पत्र. फोटो खिळ्यावरून काढलेला नाही. येत्या सोमवारी तोच राहील, त्याच्या पुढच्याही. पण त्याने फार तर फोटो पाठ होईल, बाप कसा पाठ होणार? तेव्हा चित्रं पाठवू नकोस. डाळिंबं पाठव, चांगली पिकलेली, लालभडक. टपालाने नकोत, वाटेत फुटतात. स्वतः घेऊन ये, आणि तिच्यासमोर तुझ्या हाताने फोड.

तुझीच,
आई