पाच-अकराची सायकल

३ नोव्हें., सोम.
सायकल आली. जालन्याहून, टेंपोने. गिअरची, जाड टायरची, मोरपंखी रंग. बियाणे कंपनीत सहा वर्षं झाली, बदनापूरच्या आसपासचे सगळे शिवाररस्ते पाठ आहेत, तरी प्लॉट बघायला जायचं तर जीपवाल्याची मर्जी सांभाळा. आता ते बंद.
गल्लीत चक्कर मारली. गुडघे हँडलला लागतात. होईल सवय.

४, मंगळ.
नाही होत. कपाशीच्या प्लॉटपर्यंत जाऊन-येऊन बारा किमी. सीट वर घेतली तर दांडीवरची शेवटची खूण बाहेर आली, त्याच्या वर न्यायची नसते. येताना उजवा गुडघा बोंबलत होता.

५, बुध.
सलीमचाचांकडे गेले. बाबांची सायकलही तेच दुरुस्त करायचे. पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, सीट काखेत धर आणि हात पॅडलच्या आसापर्यंत ने. बोटं तिथवर पोचली की सायकल मापाची. माझी बोटं चांगली वीतभर पुढे गेली.
"सायकल चांगली हाये बेटी, पर तुझी न्हाई. दुकानात उंची काय सांगितली?"
"पाच-सहा."
चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू पाच-सहा, मंग मी काय चार फुटाचा?"
हसले मी. पण घरी येईपर्यंत हसू गेलं. दुकानदाराने फोनवर विचारलं आणि तोंडातून बायोडाट्यातली उंची निघाली. सात वर्षांपूर्वी मामाने लिहिलेली. खरी लिहिली तर स्थळं येत नाहीत म्हणे. तेव्हापासून फॉर्मवर, ऑफिसात, सगळीकडे तेच. विचार न करता. स्वतःचाच राग आला.

६, गुरु.
दुकानात फोन. ही सतरा इंची फ्रेम आहे, पाच-सहाला बरोबर. एकोणीस नाहीतर एकवीस लागेल. शनिवारपर्यंत बदलून देतो म्हणाला, पण खरी उंची आणि पायाचं आतल्या बाजूने माप, जांघेपासून टाचेपर्यंत, उद्या दुपारच्या आत कळवा. एवढी मोठी इकडे कोणी घेत नाही, त्यामुळे मागवावी लागेल.
आईला सांगितलं. तिचं डोकं रविवारात. परतूरचे पाहुणे बघायला येणार आहेत.
"रविवार होऊ दे. एवढी मोठी सायकल दारात दिसली तर ते आधी सायकल बघतील, मंग तुला."
शनिवार शेवटचा आहे, सांगितलं. तर म्हणे, आहे तीच ठेव, जरा गुडघे वाकवून चालव.
गुडघे वाकव. फोटोत मान खाली घाल. पाहुण्यांसमोर सपाट चपला. चौतीस वर्षांची झाले, अजून हेच.
नाही ठेवणार, म्हटलं. बाबा पेपरात.

७, शुक्र.
सकाळी माप घ्यायला बसले, म्हणजे उभी राहिले. भिंतीला पाठ, दोन पायांत जाड पुस्तक वर दाबून धरायचं, त्याच्या कडेशी पेन्सिलीची खूण. एकटीने जमत नाही. पुस्तक तिरकं होतं. तीन वेळा घेतलं, तीन उत्तरं. ८१, ८८, ८४ सेंमी. एवढा फरक म्हणजे पुन्हा चुकीची सायकल.
आई स्वयंपाकघरातून बघत होती. हात पुसत आली, पुस्तक घेतलं. मी सवयीने खांदे पाडलेले.
"पोक काढू नको. नीट ताठ उभी राह्य."
जन्मात पहिल्यांदा. डोळे भरून आले, भिंतीकडे तोंड असतं तर बरं झालं असतं.
पाय ८६. मग तीच म्हणाली, उंचीही घेऊ. तिला स्टुलावर चढावं लागलं. १८०. पाच-अकरा. टेपवरचा आकडा तिने दोनदा वाचला.
"पाच इंच कुठं दडवून ठेवले गं आपण?"
दुकानात कळवलं. एकोणीस. उद्या दुकानात येतेय.

८, शनि.
जुनी टेंपोत टाकून दुकानात नेली, बदलली. दोन्ही पाय टेकून उभी राहिले, दांडा आणि माझ्यामध्ये चार बोटं जागा. गुडघे मोकळे. जालन्याहून घरापर्यंत चालवत आले. गुडघ्याने तक्रार केली नाही.
आल्या आल्या मामाला फोन. परतूरच्यांना उद्या येण्याआधी खरी उंची सांग. मामा चिडला. मुलगा पाच-आठ आहे, आता ऐन वेळी काय तोंड दाखवू? म्हटलं, त्यांचं पाच-आठ खरं असेल तर माझं पाच-अकराही खरं आहे. सांगतो म्हणाला. आवाज पडलेला. मला धाकधूक आहे, लपवत नाही. स्थळ चांगलं आहे. फोटोतला मुलगा मला आवडला होता.

९, रवि.
अकराची वेळ दिली होती. पावणेअकरा झाले. मामाचा फोन नाही. परतूरहूनही नाही. पोहे भिजवायचे का, बाबा दोनदा विचारून गेले.
आईने सायकल पुसली आणि दाराच्या अगदी समोर आणून लावली.
"आधी ती दिसू दे," म्हणाली. "मंग तू."